शंभर दाणे आणि एक शून्य

डिस्क देवणीत पोचायच्या आधीच भाच्यानं तिला शून्य गुण देऊन टाकले होते. दहापैकी शून्य.

२०२० चा जून. टाळेबंदी लागायच्या आदल्या आठवड्यात तो पुण्याहून आला होता, तो बॅगेत कपडे कमी आणि प्लेस्टेशनच्या वायरी जास्त अशा बेतानं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' हा खेळ १९ जूनला जगभर निघाला. नेटवरून उतरवून घ्यायचा तर पाऊणशे जीबीच्या पुढं, आणि आमच्या मोबाइलचा रोजचा रतीब दीड जीबीचा. त्यानं हिशेब घातला: पन्नास दिवस, तेही घरात दुसऱ्या कुणी फोनला हात लावला नाही तर. मग डिस्क मागवली, ती उदगीरला येऊन अडकली. खेळातले काही प्रसंग एप्रिलच्या शेवटीच फुटून बाहेर आले होते. ते त्यानं माळवदावर बसून फोनवर बघितले होते आणि त्या रात्री तो जेवला नव्हता.

"न खेळताच शून्य?" मी विचारलं.

"जोएलला मारलंय मामा त्यांनी. सुरुवातीलाच. मग खेळायचं काय ऱ्हायलं त्यात?"

जोएल म्हणजे पहिल्या खेळाचा नायक. असा चिडलेला भाचा एकटा नव्हता. खेळांना गुण देणाऱ्या मेटाक्रिटिक या ठिकाणी समीक्षकांची सरासरी शंभरात नव्वदीच्या पुढं होती आणि खेळणाऱ्यांची दहात चारच्याही खाली. खेळ पुरा व्हायला पंचवीसेक तास लागतात, पण पहिला दिवस मावळायच्या आत हजारोंनी निकाल लावून टाकला होता. पुढच्याच महिन्यात तिथं नवा नियम आला, की खेळ निघाल्यावर ३६ तास कुणी गुण द्यायचे नाहीत. जोएलला मारणाऱ्या अ‍ॅबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. अ‍ॅबीच्या पिळदार दंडांची टर उडवली गेली, खेळातल्या समलिंगी प्रेमावरून शिव्या झाल्या. त्या भागावर मी वेळ घालवणार नाही. भाच्याचा राग मात्र त्यातला नव्हता. तो सुतकातला राग होता.

त्याच पंधरवड्यात आमच्या शिवारात एक दुसरी तक्रार चालू होती. मृगानं बरी सुरुवात केली, सोयाबीन पेरलं, आणि ते उगवलंच नाही. एकट्या देवणीत नव्हे, मराठवाडाभर. आदल्या वर्षी, २०१९ ला, परतीच्या पावसानं काढणीचं सोयाबीन भिजवलं होतं. त्याचंच बियाणं झालेलं. काही ठिकाणी पेर खोल गेली, ओल कमी पडली, हेही खरं. औरंगाबाद खंडपीठानं वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून स्वतःहून दखल घेतली. माझ्या चार एकरांतही तासंच्या तासं मोकळी दिसत होती. बियाणं कुणाचं होतं ते इथं लिहीत नाही. पावती, रिकामी पिशवी आणि तिला शिवलेलं लेबल घेऊन अर्ज दिला, पंचनामा झाला. पिशवीत तळाला राहिलेले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं आणि आठव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. सोयाबीनला शंभरात सत्तर उगवले पाहिजेत, तसा दंडकच आहे. माझे एकतीस उगवले.

भाचा शेजारी बसून मोजत होता. म्हणाला, "मामा, माझंबी असंच झालंय. पैसे मोजून घेतलं आणि उगवलं न्हाई."

हे वाक्य त्या वेळी मला नुसतं लाडाचं वाटलं. डिस्क हाती पडली तेव्हा दुबार पेरणी उरकली होती आणि रात्री मोकळ्या होत्या. म्हटलं, लाव, बघू तुझं बियाणं.

पहिला पडदा अजून डोळ्यांसमोर आहे. धुकं, त्यात राखाडी पाणी, पाण्यात रोवलेल्या एका खांबाला बांधलेली छोटी नाव. माणूस नाही, अक्षरं जेमतेम. नाव लाटेबरोबर थोडी हलते, पण जात नाही कुठं. भाच्यानं बटण दाबून ते घाईघाईनं मागं टाकलं.

मला आधीची कथा ठाऊक नव्हती, ती त्यानं दोन रात्रींत सांगितली. पहिला खेळ १४ जून २०१३ चा, कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग या कंपनीचा. मुंग्यांच्या अंगात शिरून त्यांना नाचवणारी एक बुरशी खरोखरच निसर्गात आहे; ती माणसांत शिरली तर, अशी कल्पना. साथीच्या पहिल्याच रात्री जोएल नावाच्या बापाच्या हातांवर त्याची मुलगी सारा गोळी लागून मरते. वीस वर्षांनी त्याच माणसाला एका चौदा वर्षांच्या पोरीला, एलीला, देशाच्या पूर्व टोकापासून लांब पश्चिमेकडं न्यायचं काम मिळतं. तिला बुरशी बाधत नाही. तिच्यापासून लस होईल या आशेनं तो तिला इस्पितळात पोचवतो आणि तिथं कळतं, की लस करायची तर पोरगी जगणार नाही. जोएल इस्पितळातली माणसं मारतो, बेशुद्ध एलीला उचलून बाहेर पडतो, आणि ती शुद्धीवर आल्यावर खोटं सांगतो. ती एका शब्दाचा होकार देते. तिथं पडदा पडतो.

या शेवटात एक जागा आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीत एक डॉक्टर हातात चाकू धरून जोएलच्या आडवा येतो. त्याला मारल्याशिवाय खेळ पुढं सरकत नाही. "तू मारलास?" मी विचारलं. "सगळ्यांनीच मारला," भाचा म्हणाला. "कोण होता तो?" "डॉक्टर होता कुणीतरी."

त्या 'कुणीतरी'वर दुसऱ्या भागाची अख्खी इमारत उभी आहे. नील ड्रकमन आणि हॅली ग्रॉस या लेखकांनी काय केलं, तर सात वर्षं आधीच्या खेळात लाखो लोकांनी ज्याचा चेहराही धड बघितला नव्हता त्या माणसाला एक मुलगी दिली. तारेत अडकलेला झेब्रा सोडवायला धडपडणारा बाप आणि त्याला मदत करणारी त्याची पोर, ती अ‍ॅबी. तिच्या बापाला ज्यानं मारलं त्याला शोधत ती बर्फातून येते. हा सूड ओळखीचा आहे आपल्याला. द्रोणानं शस्त्र खाली ठेवलेलं असताना त्याचं मस्तक उडवलं गेलं आणि मग अश्वत्थाम्यानं रात्र गाठली. कपाळावरच्या जखमेला तेल मागत फिरणाऱ्या त्या माणसाबद्दल आपल्या आज्यांच्या बोलण्यातसुद्धा थोडी कणव असायची. पण कणव वेगळी आणि त्याच्या जागी उभं राहणं वेगळं.

जोएल जातो तो प्रसंग मी इथं रंगवत नाही. त्यानंतरचं शांत पान मला जास्त मोलाचं वाटतं. एली त्याच्या रिकाम्या घरात शिरते. वर काम काही नाही, शत्रू नाही, घड्याळ पळत नाही. टेबलावर त्यानं कोरलेली लाकडी चित्रं, सारानं दिलेलं बंद पडलेलं घड्याळ. कपाटाशी गेलं की एक बटण दाबायला मिळतं. ते दाबलं, की एली त्याचं जाकीट हातात धरून नाकाशी नेते. एवढंच. वळणीवरचं धोतर दहाव्यानंतर कुणी काढायचं, हा प्रश्न ज्या घरात पडलाय त्या घरातल्या माणसाला हे बटण समजतं. भाच्यानं ते दोनदा दाबायचा प्रयत्न केला.

मग सिएटल शहरातले तीन दिवस. एली अ‍ॅबीच्या मागावर, आणि आपण एलीच्या हाताबोटांत. इथं या खेळाची कारागिरी बघण्यासारखी आहे. तुम्ही एखाद्या पहारेकऱ्याला गवतातून येऊन गपकन संपवता. थोड्या वेळानं त्याच्या सोबत्याला प्रेत दिसतं आणि तो ओरडतो ते "शत्रू आला" असं नुसतं नाही. तो मेलेल्याचं नाव घेऊन ओरडतो. प्रत्येकाला नाव आहे. कुत्र्यांनाही आहे. अ‍ॅलिस नावाची कुत्री अंगावर येते, एली सुरा चालवते. एका जागी एलीच्या हातात लोखंडी नळी आहे, पुढ्यात जायबंदी बाई आहे, आणि पडद्यावर फक्त चौकोनाचं बटण चमकतं. दाबेपर्यंत खेळ थांबून राहतो. भाच्यानं तिथं जरा वेळ माझ्याकडं बघितलं आणि मग दाबलं. पुन्हा दाबायला लागलं. पुन्हा.

आपल्या रसचर्चेतला सहृदय बिचारा बसून असतो. भीम दुःशासनाच्या रक्तानं माखलेल्या हातांनी द्रौपदीची वेणी घालतो तेव्हा रौद्र आणि बीभत्स दोन्ही त्याला सुखानं चाखता येतात, कारण ते रक्त त्याच्या हाताला लागत नाही. ही दुरी आहे म्हणून तर रस आहे, असं आम्हाला शिकवलं गेलं. या खेळानं ती दुरीच काढून घेतली. अंगठा माझा, नळी एलीची. इथं जो निर्माण होतो त्याला नऊ रसांतलं कुठलं नाव द्यावं, मला सुचत नाही. ओशाळेपणा हा काही रस म्हणून कुणी मोजलेला नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री एका जुन्या नाटकघरात अ‍ॅबी एलीला गाठते, पिस्तूल रोखते, आणि नेमक्या त्या क्षणी लेखक गोष्ट मोडतात. पडदा काळा होतो, आणि पुन्हा उजाडतं ते अ‍ॅबीच्या आयुष्यात. तेच तीन दिवस परत पहिल्यापासून, आता अ‍ॅबी होऊन. निम्मा खेळ झालेला, निम्मा राहिलेला. ज्यांनी खेळ पुरा न करता ओवाळून टाकला त्यांतले पुष्कळजण इथंच उठून गेले असणार. भाचाही उठला. पाणी पिऊन आला. "ह्या बाईचं मला काही ऐकायचं न्हाई," म्हणाला, आणि बसला.

अ‍ॅलिस शेपटी हलवत अ‍ॅबीच्या मागं चालू लागली. त्यानं काही म्हटलं नाही.

लेखकांची एक खोड इथं मला खटकते. अ‍ॅबी आपल्याला आवडावी म्हणून ते जरा जास्तच राबतात. कुत्री, उंचीची भीती, मित्रांची थट्टा, आणि शत्रूच्या टोळीतून पळालेली यारा आणि लेव ही दोन लेकरं, सगळं एकामागून एक पानात वाढलं जातं. वाढपी दिसायला नको, इथं तो दिसतो. दुसरं असं, की मारणं किती वाईट हे सांगणाऱ्या या खेळात मारण्याची कृती मात्र फार रंगून घडवलेली आहे. धनुष्याची दोरी ताणताना रिमोट हातात थरथरतो, ते सुख कुणी नाकारू नये. सुख द्यायचं आणि वर कान पिळायचा, याचा खेळणाऱ्यांना राग आला असेल तर तो सगळा खोटा नव्हता.

आणि लेबलाचं काय? हा मुद्दा भाच्यानंच काढला, आणि तो मला मान्य करावा लागला. सप्टेंबर २०१९ च्या झलकफितीत एलीच्या तोंडावर मागून कुणीतरी हात ठेवतं, ती वळते, तर समोर म्हातारा झालेला जोएल. म्हणजे तो जिवंत, सोबत, लढ्यात. प्रत्यक्ष खेळात ती जागा येते तेव्हा तिथं जेसी नावाचा दुसराच तरुण असतो. रहस्य राखायला केलेली ही करामत. पण पिशवीवर एक छापायचं आणि आत दुसरं भरायचं, याला आमच्या तालुक्यात काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या एका गोष्टीपुरती भाच्याची तक्रार पंचनाम्याच्या लायकीची होती. चार हजारांच्या आसपास मोजलेत त्यानं.

बाकीची तक्रार मात्र उगवण्याबद्दलची नव्हती. उलट, दाणा नको तितका खोल रुजल्याची होती. जोएल मेला म्हणून न जेवता झोपलेल्या माणसानं "यात काहीच नाही" असं लिहावं, यातली गंमत त्याला तेव्हा दिसत नव्हती. मलाही ती उशिरानं दिसली, पुढच्या प्रसंगात.

खेळ फिरून नाटकघराच्या रात्रीपाशी येतो. आता लढाई अ‍ॅबी विरुद्ध एली, आणि रिमोट अ‍ॅबीचा. म्हणजे दोन खेळ, सात वर्षं जिला जपलं तिलाच शोधून हाणायचं. भाच्यानं रिमोट गादीवर ठेवला.

"मी न्हाई मारणार तिला. तुम्ही खेळा."

माझ्या अंगठ्यांना सवय नाही. मी अंधारात धडपडत होतो आणि एली आतापर्यंत आम्ही तिच्याकडून जे जे करून घेतलं होतं ते सगळं माझ्यावर वापरत होती. लपत होती, सापळा लावून ठेवत होती, कडेनं येऊन बंदूक झाडत होती. पहिल्यांदा तिनं मला मारलं तेव्हा भाचा खुशीत टाळी वाजवून म्हणाला, "बरं झालं." पडदा काळा झाला आणि खेळ पुन्हा तिथूनच सुरू. दुसऱ्यांदा मारलं, तो हसला. तिसऱ्यांदा नुसता बघत राहिला. प्रत्येक वेळी त्याची लाडकी पोर जिंकत होती आणि प्रत्येक वेळी खेळ म्हणत होता, हे नाही, पुन्हा. पाचव्या-सहाव्या खेपेला त्यानं माझ्या हातातून रिमोट घेतला. काही बोलला नाही. अ‍ॅबीला भिंतीच्या कडेनं, वाकून, सांभाळत न्यायला लागला. एलीला खाली पाडलं आणि बटण दाबताना तोंड फिरवलं. पुढं लेव अ‍ॅबीला हाक मारून थांबवतो, तेव्हा त्याचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला.

त्यानंतरचं शेत मला सगळ्यांत आवडलं, मी शेतकरी म्हणून असेल. एली आणि तिची जोडीदारीण डीना एका माळावरच्या घरात राहतात, तान्हं पोर आहे, मेंढरं आहेत, संध्याकाळचं पिवळं ऊन आहे. मेंढरं आत घेताना कोठ्यात एक फावडं पडतं. ठण्ण आवाज होतो, आणि त्या आवाजासरशी एली जोएलच्या मरणाच्या खोलीत जाऊन पडते. अंग थरथरतं, मेंढरं बावरून पळतात. एक फावडं पडण्यात लेखकांनी जे सांगितलंय ते दुसऱ्या कुणी चार पानांच्या स्वगतात सांगितलं असतं. खेळ इथं संपवला असता तरी चाललं असतं. पण जोएलचा भाऊ टॉमी येतो, अ‍ॅबीचा ठावठिकाणा सांगतो, आणि एली घर सोडून निघते. पुढचा सांता बार्बराचा भाग मला लांबलेला वाटतो. तिथले दुष्ट नुसतेच दुष्ट आहेत, या खेळात न शोभणारे. मात्र त्याच्या टोकाला समुद्र आहे. उपासानं खंगलेली, केस कापलेली अ‍ॅबी आणि रक्तबंबाळ एली गुडघाभर पाण्यात झोंबतात. त्यात हिंमत नाही, कला नाही, नुसता थकवा. अ‍ॅबी एलीच्या डाव्या हाताची दोन बोटं चावून तोडते. एली तिला पाण्याखाली दाबते, आणि मग सोडून देते.

का सोडते, यावर चिडणारे पुष्कळ आहेत. इतक्यांना मारून हिलाच का सोडायची? उत्तर संवादात दिलेलं नाही. क्षणभर फक्त ओसरीवर गिटार घेऊन बसलेला जोएल दिसतो.

गिटारीचं सांगायलाच हवं. खेळाच्या सुरुवातीला जोएल एलीला गाणं म्हणून दाखवतो आणि गिटार देतो. सिएटलमध्ये एका ओसाड वाद्यांच्या दुकानात एली तिथं सापडलेली गिटार वाजवते, म्हणजे आपण वाजवतो. रिमोटच्या मधोमध एक गुळगुळीत पट्टी आहे, तिच्यावरून बोट ओढलं की तारा छेडल्या जातात, आणि दुसऱ्या अंगठ्यानं सूर निवडायचा. मारण्यासाठीच वापरलेल्या त्या वस्तूतून एकदम सूर निघतो. तंतुवाद्याचा बाज अर्जेंटिनाच्या गुस्ताव्हो सांताओलाया यांच्या संगीतात आधीपासून मुरलेला आहेच. शेवटी एली रिकाम्या घरात परतते. डीना गेली, पाळणा गेला. एका खोलीत गिटार. ती बसते, आणि पडद्यावर तीच खूण येते. भाच्यानं पट्टीवरून बोट ओढलं. बोट तेच, पट्टी तीच. पण तार नीट दाबली जात नाही, सूर मधेच मरतो. एलीच्या दोन बोटांची जागा भाच्याच्या धडधाकट हाताला कळली. त्यानं पुन्हा ओढून बघितलं.

मग आठवणीतली ओसरी. जोएल मरायच्या आदल्या रात्री एली त्याला सांगते, की तुला माफ करणं जमेल असं वाटत नाही, पण प्रयत्न करून बघायचाय. म्हणजे अ‍ॅबीनं जे हिरावलं ते माणसाबरोबर हेही होतं, सुरू होऊ घातलेलं. हा प्रसंग लेखकांनी पंचवीस तास दाबून ठेवला. फुटलेल्या चित्रफिती बघून निकाल देणाऱ्यांना ही ओसरी लागणं शक्यच नव्हतं. एली गिटार खिडकीशी टेकवून ठेवते आणि खिडकीतून आपल्याला ती दूर माळावरून चालत गेलेली दिसते.

नावांची यादी संपली. रात्रीचे अडीच वाजले होते, बाहेर पाऊस धरला होता. त्या डिसेंबरात या खेळाला वर्षातला सर्वोत्तम खेळ म्हणून मान मिळाला, तेव्हा पुन्हा एकदा शिव्या झाल्या, ते नंतरचं. त्या रात्री भाच्यानं खेळ बंद करायला म्हणून सुरुवातीच्या पडद्यावर नेला आणि तो तसाच थांबला.

धुकं नव्हतं. ऊन पडलेलं, वाळूचा किनारा, लांब एक गोल घुमटाची इमारत. अ‍ॅबी आणि लेव जिथं जायला निघाले होते ते बेट. खांब नव्हता. नाव वाळूवर ओढून ठेवलेली.

"मामा," तो म्हणाला, "पोचले बघा ते."